देवालयाचा संसार : इंग्लंडचे गावचर्च, गोमंतक आणि वसईच्या घंटा



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकविली. तेव्हा एखाद्या संतकवीवर किंवा मराठी कादंबरीच्या वाटचालीवर मी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मी बोलणार आहे ते चर्चच्या वास्तूविषयी आणि त्या वास्तूत मांडलेल्या वस्तूंविषयी. मराठीच्या प्राध्यापकाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहिला असेल. मराठीतील एक महाकाव्य अशा एका वास्तूच्या छायेत जन्मले, आणि त्याचा कर्ता जन्माने इंग्रज होता, एवढे उत्तर तूर्त पुरे. शिवाय आपण इंदूरकर व्हाइट चर्चच्या चौकातून नित्य ये-जा करतो. रेसिडेन्सीच्या काळातील ती वास्तू आपल्या पत्त्यांत आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. परंतु अशी वास्तू आतून कशी रचलेली असते आणि तिथली प्रत्येक वस्तू कशासाठी असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

घर म्हणजे चार भिंती नव्हेत. घरात संसार असतो. चूल, देव्हारा, उतरंड, पाट, समई या वस्तू घराचा स्वभाव सांगतात. देवालयाचेही तसेच आहे. त्याचा सांगाडा दगडाचा असतो, आणि त्याचा संसार वेदी, दिवा, घंटा, कुंड, मूर्ती आणि पोथी यांचा असतो. सांगाडा पुष्कळदा टिकतो. संसार मात्र मोडतो, लुटला जातो, दुसऱ्याच्या घरी जातो. मोडलेल्या संसाराचे पुढे काय होते, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम मध्ययुगीन इंग्लंडातील एखाद्या लहान गावी जाऊ. अशा गावातील चर्च बहुधा पूर्व-पश्चिम बांधलेले असे. पश्चिमेला मनोरा आणि त्यात घंटा. दक्षिणेला देवडीसारखी पडवी आणि तिच्यातून आत जाण्याचा दरवाजा. आत शिरल्यावर लागतो तो लोकांचा मंडप. त्यापलीकडे, पूर्वेच्या टोकाला, धर्मगुरूचा गाभारा आणि त्यात दगडी वेदी. आपल्या देवळाचा सभामंडप, अंतराळ आणि गर्भगृह ही मांडणी ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना ही रचना समजण्यास कष्ट पडू नयेत. तिथली एक व्यवस्था तर मोठी लक्षणीय होती. गाभाऱ्याच्या डागडुजीचा भार धर्मगुरूवर, तर मंडपाच्या डागडुजीचा भार गावकऱ्यांवर. एकाच छपराखाली दोन मालक्या आणि दोन जबाबदाऱ्या नांदत होत्या. त्यामुळे मंडप हा खऱ्या अर्थाने गावाचा होता. त्याचे खांब, छप्पर आणि खिडक्या यांत त्या गावाची ऐपत व हौस वाचता येते.

आता वस्तूंकडे वळू. दरवाजाजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असे. माणूस धर्मात प्रवेश करतो तो या संस्काराने, म्हणून कुंडाची जागाही प्रवेशद्वारापाशी. त्यातील मंत्रवलेले पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये, म्हणून कुंडाला झाकण आणि झाकणाला कुलूप लावण्याचा दंडक तेराव्या शतकापासून होता. कित्येक कुंडांच्या काठावर त्या कुलपाच्या कड्यांच्या खुणा आजही दिसतात. विवाहविधीचा आरंभ पडवीत, दरवाजाबाहेर होई आणि मगच वधूवर आत जात. दाराच्या समोरील भिंतीवर पुष्कळदा संत ख्रिस्तोफरचे भव्य चित्र रंगविलेले असे. खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा हा धिप्पाड संत ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याला त्या दिवशी अवचित मृत्यू येणार नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. शेतावर जाणारा माणूस दारातूनच त्याचे दर्शन घेऊन पुढे जाई. आपल्या गावांच्या वेशीवरील मारुती आठवावा; लोकमानसाची घडण किती सारखी असते, हे ध्यानात येते.

मंडप आणि गाभारा यांच्यामध्ये कोरीव लाकडाची जाळीदार भिंत असे. तिच्यावर माळा, आणि माळ्यावर क्रुसावरील ख्रिस्ताची मोठी मूर्ती; एका बाजूस मरिया, दुसऱ्या बाजूस योहान. त्यामागच्या कमानीवरील भिंतीवर अंतिम न्यायाचे चित्र असे. एकीकडे पुण्यवान स्वर्गाच्या दाराशी, दुसरीकडे पापी नरकाच्या जबड्यात. आपल्याकडे यमपट दाखविणारे लोक गावोगाव फिरत; तिथे तो पट भिंतीवर कायमचा होता. क्रुसापुढे दिवे जळत. मरताना माणूस त्या दिव्यासाठी मेण किंवा थोडे द्रव्य ठेवून जाई. गरीब शेतकरी एखादी मेंढीही ठेवी. नंदादीपासाठी जमीन लावून देणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे परके वाटले नसते.

बाके सुरुवातीला नव्हती. ती मध्ययुगाच्या अखेरीस रूढ झाली. तोवर लोक उभे राहत किंवा जमिनीवर बसत. दुबळ्यांसाठी काही चर्चमध्ये भिंतीलगत दगडी ओटा असे. प्रार्थना लॅटिनमध्ये चाले आणि ती भाषा गावकऱ्याला येत नसे. बहुतेकांना प्रसादाची भाकर वर्षातून एकदाच, ईस्टरला मिळे. एरवी धर्मगुरू ती भाकर दोन्ही हातांनी वर उचली, घंटी वाजे, आणि लाकडी जाळीच्या छिद्रांतून लोक ती डोळे भरून पाहत. ते पाहणे हीच त्यांची उपासना होती. आपण यालाच दर्शन म्हणतो. निरक्षर गावासाठी ती वास्तू एक सचित्र पोथीच होती, आणि त्या पोथीचे वाचन डोळ्यांनी व कानांनी चाले.

हा संसार सोळाव्या शतकाच्या मध्यावर मोडला. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले होतेच. परंतु गावचर्चच्या अंतरंगावर घाव पडला तो त्याचा पुत्र सहावा एडवर्ड याच्या काळात. १५४७ मध्ये मूर्ती व दिवे यांविरुद्ध आज्ञा निघाल्या. १५५० मध्ये दगडी वेद्या काढून त्यांच्या जागी लाकडी मेजे ठेवण्याचा हुकूम झाला. भिंतींवरील चित्रांवर चुना फासला गेला आणि चुन्यावर धर्मवचने लिहिली गेली. चांदीची भांडी, वस्त्रे, घंटा यांच्या याद्या करण्यात आल्या आणि पुष्कळसा ऐवज सरकारजमा झाला. १५५३ मध्ये कॅथलिक राणी मेरी गादीवर आली आणि गावकऱ्यांनी पदरमोड करून सारे पुन्हा उभे केले. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि ते पुन्हा उतरविले गेले. क्रुसाचे माळे काढण्याची आज्ञा १५६१ ची आहे. चौदा वर्षांत एकाच गावाने आपले देवालय मोडले, मांडले आणि परत मोडले. त्या सामान्य माणसांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पनाच करावी.

याच काळात, सुमारे १५४९ मध्ये, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन या वाडीत एका व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. बुश्टन ही क्लिफ पायपर्ड या गावाच्या धर्मग्रामातील वाडी. तेथील संत पेत्राचे मध्ययुगीन चर्च आजही उभे आहे. योगायोग असा की इंग्लंडमधील वास्तूंची परगणावार नोंद करणारी प्रचंड ग्रंथमाला सिद्ध करणारे निकोलाउस पेव्ह्‌स्नर १९८३ मध्ये निवर्तले, ते याच चर्चच्या आवारात चिरनिद्रा घेत आहेत. वास्तूंचा आयुष्यभर अभ्यास करणारा विद्वान आणि मराठीत महाकाव्य रचणारा कवी या दोघांचा या लहानशा गावाशी असा ऋणानुबंध आहे.

स्टीफन्सच्या बालपणाविषयी आपल्याजवळ तपशील थोडे आहेत. परंतु सालांची बेरीज केली, तर त्याच्या वयाच्या पहिल्या बारा वर्षांत इंग्लंडच्या गावचर्चमधील वेद्या हलल्या, परतल्या आणि पुन्हा हलल्या, हे उघड आहे. कॅथलिक राहू इच्छिणाऱ्याला त्या देशात जागा उरली नव्हती. तो रोमला गेला आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्याचे जहाज त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्यानंतर १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत तो मुख्यतः गोमंतकात राहिला. त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग साष्टीत गेला. ही साष्टी मुंबईची नव्हे. ती गोव्यातील मडगावच्या भोवतालची.

मित्रहो, आता कथेतील अवघड भाग येतो, आणि तो झाकून पुढे जाणे योग्य होणार नाही. स्टीफन्स ज्या भूमीवर उतरला, तेथेही एक संसार नुकताच मोडला होता, आणि तो मोडणारे त्याचे स्वधर्मीयच होते. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. भाविकांनी आपले देव रातोरात नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि मडगावचा दामोदर जांबावलीला. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले आणि कित्येक चर्चे देवळांच्या जागीच उभी राहिली. इंग्लंडमध्ये ज्या धर्माचा संसार मोडला गेला, त्याच धर्माच्या नावाने गोमंतकात दुसऱ्यांचा संसार मोडला गेला. इतिहास कोणाला केवळ पीडित किंवा केवळ पीडक राहू देत नाही.

गोमंतकातील चर्चची मांडणी मध्ययुगीन इंग्लंडपेक्षा निराळी आहे. ती पोर्तुगाल आणि इटलीतील नव्या वळणाची आहे. बांधकाम जांभ्या दगडाचे, वरून चुन्याचा गिलावा. कोकणातला पाऊस जांभा खातो. म्हणून दरवर्षी सफेदी. खिडक्यांना काचेऐवजी पातळ पारदर्शक शिंपल्या लाकडी चौकटीत बसविलेल्या असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश दुधाळ, सौम्य असतो. आत बहुधा एकच प्रशस्त मंडप. जाळीची भिंत नाही. दारातून नजर थेट वेदीपर्यंत पोहोचते. वेदीमागे छतापर्यंत गेलेली सोनेरी मुलाम्याची लाकडी मखर. मागच्या बाजूला दारावर गायकांचा सज्जा. मंडपाच्या मध्यावर, भिंतीला लागून उंच टांगल्यासारखे कोरीव प्रवचनपीठ. अंगणात पांढरा क्रूस.

या मखरी आणि प्रवचनपीठे कोरली कोणी? स्थानिक सुतारांनी आणि शिल्पींनी. ज्या हातांनी किंवा ज्या हातांच्या वाडवडिलांनी देवळांचे खांब घडविले, तेच हात आता देवदूत कोरू लागले. म्हणून तर तेथील देवदूतांचे चेहरे गोलसर, ओळखीचे वाटतात. प्रवचनपीठाला तोलून धरणाऱ्या आकृतींत नागकन्या दिसतात. वेलबुट्टीत आपल्याकडचे कमळ डोकावते. मालक बदलला, देव बदलला. हाताचे वळण तेच राहिले.

आणि देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. पुढे नदीपार अंत्रुज महालात, पोर्तुगीज सत्तेबाहेर, जी देवळे नव्याने उभी राहिली, त्यांनी चर्चकडून घुमट, कमानीच्या खिडक्या आणि भिंतीतील अर्धस्तंभ उचलले. कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ अठराव्या शतकात उभे राहिले ते छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या साहाय्याने. तिथला घुमट पाहिल्यावर चर्चची आठवण न येणारा प्रवासी विरळा. ज्यांनी देव पळवून लावले, त्यांच्याच वास्तुशैलीतला एक अलंकार देवीने आपल्या नव्या घरावर चढविला. याला अनुकरण म्हणून हिणविण्यापेक्षा, परकी वस्तू आपलीशी करण्याची ताकद म्हणून पाहावे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

भाषेनेही हेच केले. पाद्री, क्रूस, नाताळ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, तसेच चावी, लिलाव, पगार आणि घमेले हेही आले. चर्चला गोमंतकात लोक इगर्ज म्हणू लागले, तर उत्तर कोकणात वसईच्या ख्रिस्ती घरांतून देऊळ हाच शब्द टिकला. वस्तू परकी आणि नाव आपले, किंवा नाव परके आणि वस्तू आपली, अशी ही सरमिसळ आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साष्टीत चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या, वेदी आली, घंटा आली. उणीव राहिली ती पोथीची. देवळाच्या मंडपात पुराण सांगितले जाई, हरदास उभा राही, लोक रात्र रात्र ऐकत. नव्या मंडपात लॅटिन मिस्सा होती आणि मुलांसाठी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण होते. पण कथा नव्हती. जुनी पुराणे बाळगण्यास बंदी होती. अशा स्थितीत एके दिवशी धर्मशिक्षणाच्या वेळी एका ब्राह्मणाने विचारणा केली की, आमची जुनी पुराणे तुम्ही मना केली, मग त्यांच्या जागी नवी का देत नाही? हा प्रसंग स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगितला आहे.

मला या प्रश्नाचे मोल फार वाटते. विचारणारा तक्रार करीत होता की मागणी, हे सांगणे कठीण आहे, बहुधा दोन्ही. ज्याचे घर रिकामे केले गेले, त्याने ते पोकळपण नेमके ओळखले होते. आणि ज्याच्याकडे मागणी आली, तो अशा गावांतून आलेला होता की जिथे भिंतींवरची चित्रकथा पुसून तिच्या जागी अक्षरे लिहिली गेली होती. लोकांना कथेशिवाय ठेवले तर देवालय ओस वाटते, हे त्याला उमगले असेल, असे अनुमान मी करतो. त्याचा पुरावा मागू नये; पण त्याचे उत्तर मात्र आपल्यासमोर आहे. १६१६ मध्ये रायतूर, म्हणजे आजचे राशोल, येथे ते छापले गेले. ते म्हणजे क्रिस्तपुराण.

ओवी संख्या दहा हजारांहून अधिक. दोन भाग : पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. छंद ओवीचा, घाट पुराणाचा, शब्दकळा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली, त्यात कोकणीचा गोडवा. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचल्या असतील. परंतु पाठ्यपुस्तकात त्या सुट्या फुलांसारख्या येतात. मूळ झाड कुठे लावले होते ते दिसत नाही. हा ग्रंथ एकान्तात वाचण्यासाठी रचलेला नव्हता. जमलेल्या धर्मग्रामाला मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी तो होता. म्हणून मी त्याला चर्चच्या संसारातील एक वस्तू मानतो. कुंड दाराशी, घंटा मनोऱ्यात, क्रूस वेदीवर. तसे पुराण मंडपात. इंग्लंडच्या गावात भिंतीवरील अंतिम न्यायाचे चित्र जे काम करी, ते काम साष्टीत मराठी ओवीने केले.

काही वर्षांपूर्वी मी राशोलला गेलो होतो. जुवारी नदीच्या काठावरील टेकडीवर सेमिनरीची भव्य इमारत आहे. भिंतींवर जुनी रंगचित्रे आहेत, अंगणाभोवती ओवऱ्या आहेत, आणि पावसाळ्यानंतर जांभ्यावर चढलेली हिरवी बुरशी आहे. त्या ओवरीतून चालताना मनात आले की मराठीतील पहिल्या छापील ग्रंथांपैकी एकाचे खिळे इथे जुळविले गेले. तेही रोमन लिपीतले, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तेथे नव्हते. त्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये निघालेल्या पुढच्या आवृत्त्यांचीही तीच गत. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले. छापखान्याने साथ सोडली. पण लोकांनी हस्तलिखिते उतरविली आणि पुराण जिवंत ठेवले. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेले, आणि १९०७ मध्ये मंगळूरलाच सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने ते पुण्यात देवनागरीत अवतरले. तीन शतके ज्या ग्रंथाला राजाश्रय नव्हता, तो वाचणाऱ्यांच्या कंठाने तारला.

घंटेची कथा सांगितल्याशिवाय हा संसार पुरा होत नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी एक प्रचंड घंटा आहे. तिचे नाव धातूवरून नव्हे, नादावरून पडले. ती १६५२ मध्ये कुंकळ्ळी येथे ओतली गेली. कुंकळ्ळी हे नाव इतिहासात दुसऱ्या कारणाने कोरले गेले आहे. १५८३ च्या जुलैमध्ये तेथे चर्चसाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच येशूसंघीयांना संतप्त गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फ आक्वाव्हिवा होते. त्यानंतर बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकरांचा पोर्तुगिजांनी वध केला. स्टीफन्सने त्याच वर्षी आपल्या भावाला पाठविलेल्या पत्रात या घटनेचे वर्तमान कळविले आहे. आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे निरीक्षण नोंदविले आहे, विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधी. रक्त सांडलेल्या त्या गावात सत्तर वर्षांनी गोव्यातील सर्वांत मधुर घंटा ओतली गेली. याचा अर्थ लावण्याची घाई मी करणार नाही.

दुसऱ्या घंटा आपल्या अधिक जवळच्या. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत आपल्या होळकर घराण्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव होते, म्हणून इंदूरकरांना ही घटना परकी नाही. वसईच्या किल्ल्यातील चर्चे ओस पडली आणि त्यांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात लटकणाऱ्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावरील घंटा १७०७ ची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया उठावात कोरलेली आहे. भीमाशंकरलाही तशी घंटा आहे.

मेणवलीची घंटा मी पाहिली आहे. कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या सान्निध्यात, ती मरिया शांतपणे आपले मूल घेऊन उभी आहे. कोणी तिचा चेहरा खरवडून काढला नाही. जिंकून आणलेली वस्तू म्हणून ती आली. पण ज्यांनी ती टांगली, त्यांनी तिला देवाच्या सेवेची वस्तू म्हणूनच वापरले. तोफा ओतण्यासाठी धातू नेहमीच हवा असतो. या घंटा मात्र वितळल्या नाहीत. यात परधर्माविषयी उदारता होती, असा दावा मी करीत नाही. विजयाचा अभिमान होता, हे स्पष्ट आहे. तरीही वसईच्या माणसाला आपल्या देवळाची घंटा परक्या मुलखात वाजते आहे, याची सल राहिली असल्यास आपण ती समजून घेतली पाहिजे. आपल्या देवळांवरील घाव मोजताना दुसऱ्याच्या ओस पडलेल्या मनोऱ्याकडेही पाहता आले, तरच आपण इतिहास शिकलो असे म्हणता येईल. त्याच वसईतून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठी लेखक निघाला आणि २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, हेही त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्यातून तुम्ही काय घ्यावे? जुन्या वास्तूत गेलात तर केवळ तिची उंची विचारू नका. ही वस्तू इथे का आहे, ती कोणी केली, तिचा खर्च कोणी सोसला, ती इथलीच आहे की कुठून आली, हे प्रश्न विचारा. इंदूरच्या राजवाड्यात, छत्र्यांत, गोपाळ मंदिरात आणि तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यातही हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पितळी समईवर कोरलेले नाव वाचा. ते नाव कोणत्या गावचे आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. उद्या सांगणारे कोणी असेलच, असे नाही. १९८४ मध्ये राजवाड्याला आग लागली, तेव्हा जळाले ते लाकूड होते. पण त्या लाकडाबरोबर कोणत्या कारागिराच्या हाताचे वळण गेले, हे सांगणारी नोंद किती जणांकडे होती?

आणि पालकांना एक विनंती. माळव्यात मराठी ही आपल्याबरोबर आलेली वस्तू आहे. होळकर, शिंदे, पवारांच्या स्वारीमागून पोथ्या, देव्हारे आणि ओव्या आल्या, तशी भाषा आली. तिला इथे राजभाषेचा आधार नाही. रस्त्यावर, बाजारात, कचेरीत हिंदी आहे, आणि ती आपलीच आहे. मराठी राहील ती घराच्या आणि अशा शाळांच्या मंडपात, मोठ्याने वाचली गेली तरच. क्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नष्ट झाल्या तेव्हा ते उतरवून घेणाऱ्या आणि वाचून दाखविणाऱ्या माणसांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी फार मोठे काही केले, असे त्यांना वाटलेही नसेल. आठवड्यातून एक दिवस, एक पान, मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचावे. यापेक्षा अधिक मागणे माझ्याजवळ नाही.

ज्या गुरुजींच्या स्मृतीला आपण येथे वंदन करतो, त्यांनी हेच काम वर्गाच्या चार भिंतींत केले, असे त्यांचे विद्यार्थी मला सांगत आले आहेत. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.